जैवऊर्जा आणि बायोचार: कर्ब शेवटी जातो कुठे?

मिस्कँथस नावाचं उंच गवत एकदा लावलं की पंधरा-वीस वर्षं दरवर्षी कापता येतं. वाळलेलं गवत बॉयलरमध्ये जाळलं की उष्णता आणि वीज मिळते, ही झाली जैवऊर्जा. तेच गवत बंद भट्टीत, जवळजवळ हवेविना, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सियसला तापवलं तर काळा, ठिसूळ, सच्छिद्र कोळसा उरतो. मातीत मिसळण्यासाठी केलेल्या या कोळशाला बायोचार म्हणतात. पीक तेच, शेत तेच, म्हणून दोन्हींवर सरसकट ‘कर्ब-तटस्थ’ (जेवढा कर्ब, म्हणजे कार्बन, हवेतून घेतला तेवढाच परत सोडला) असा शिक्का बसतो. मला तो खटकतो, कारण हवामानाच्या हिशोबात या दोघांची कामं निराळी आहेत.

जैवऊर्जेत गवताने हवेतून घेतलेला कर्ब धुराड्यातून लवकरच हवेत परततो. वातावरणातला साठा त्याने कमी होत नाही. फायदा होतो तो वेगळ्या वाटेने: तेवढा दगडी कोळसा किंवा नैसर्गिक वायू जाळावा लागत नाही. त्यामुळे जैवऊर्जेचं मोल ती कोणत्या इंधनाची जागा घेते यावर ठरतं. दगडी कोळसा हटवला तर फायदा मोठा. वीज आधीच वारा, पाणी आणि सूर्यापासून येत असेल तर फारच थोडा. (धुरातला कर्ब पकडून खोल खडकात साठवला तर गणित बदलतं, पण तो वेगळा विषय आहे.)

बायोचार करताना गवतातला साधारण निम्मा कर्ब कोळशात राहतो. उरलेला वायू आणि तेलाच्या रूपात बाहेर पडतो. तो जाळून भट्टी चालवता येते, वर थोडी ऊर्जाही हाती लागते. कोळशातले कर्बाचे अणू वलयांच्या जाळ्यात इतके घट्ट बांधलेले असतात की सूक्ष्मजीवांना ते सहजी फोडता येत नाहीत. कंपोस्टमधला बराचसा कर्ब काही वर्षांत हवेत निघून जातो, तर नीट तयार झालेल्या बायोचारमधला मोठा हिस्सा शतकानुशतकं टिकतो. नीट तयार झाला की नाही, हे हायड्रोजन आणि सेंद्रिय कर्ब यांच्या अणूंच्या गुणोत्तरावरून कळतं. ते ०.७ च्या वर असेल तर भट्टीतलं काम अर्धवट राहिलं आहे. ०.४ च्या खाली असेल तर माल टिकाऊ. ॲमेझॉनच्या खोऱ्यात कोलंबसपूर्व वस्त्यांच्या जागी सापडणारी ‘तेरा प्रेता’ ही काळी माती याचा जुना पुरावा आहे. तिच्यातला कोळसा आजही टिकून आहे आणि भोवतालच्या निकस जमिनीपेक्षा ती कितीतरी सुपीक आहे.

मग सगळंच गवत भट्टीत का घालू नये? कारण कोळसा मातीत गेला की त्यातली ऊर्जा सोडून द्यावी लागते, आणि ती थोडी नसते: लाकडाच्या एक किलो कोळशात सुमारे ३० मेगाज्यूल. २०१० साली डॉमिनिक वूल्फ, योहानेस लेमान या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा जगभराचा हिशोब मांडला. त्यांच्या मते तोच जैवभार (गवत, लाकूड, पिकांचे अवशेष) जाळण्यापेक्षा त्याचा बायोचार केल्याने हवामानाला सहसा जास्त फायदा होतो. अपवाद एकच, जमीन आधीच सुपीक असेल आणि जैवऊर्जा दगडी कोळशाची जागा घेणार असेल तर जाळणं सरस. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. उत्तर एकट्या पिकात सापडत नाही, त्यासाठी वीजघर आणि माती दोन्ही पाहावी लागतात.

माती का, तेही समजून घ्यायला हवं. २०१७ साली अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा उष्ण कटिबंधात बायोचारमुळे उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं. समशीतोष्ण प्रदेशांत सरासरी वाढ दिसलीच नाही. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी आणि झिजलेल्या असतात. बायोचार बहुधा अल्कधर्मी असल्याने तिथे चुन्यासारखं काम करतो, अन्नद्रव्यंही धरून ठेवतो. ज्या जमिनीचा सामू (पीएच) मुळातच जास्त आहे तिथे हाच गुण नडू शकतो. शिवाय बायोचार म्हणजे खत नव्हे. पिकातलं स्फुरद आणि पालाश कोळशात बऱ्यापैकी उरतं, पण नत्राचा मोठा भाग भट्टीतच उडून जातो. म्हणून तो कंपोस्टमध्ये मुरवून मग शेतात घालणं शहाणपणाचं.

एका बाबतीत मात्र दोघांची जबाबदारी सारखीच आहे: जमीन. जैवइंधनासाठी जंगल, दलदल किंवा गवताळ रान मोडलं तर, २००८ च्या एका अभ्यासानुसार, वर्षाला जेवढी उत्सर्जनाची बचत होते त्याच्या १७ ते ४२० पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तशा जमिनीवरचं गवत जाळा किंवा त्याचा कोळसा करा, ते कर्ज आधी फेडावं लागतं. म्हणून माझी पसंती आधी पिकांच्या अवशेषांना आणि लाकडाच्या भुशाला, तेही शेताची गरज भागून उरतील तेवढ्याच. त्यानंतर मिस्कँथससारखी बहुवार्षिक गवतं, जिथे धान्य पिकत नाही अशा पडीक जमिनीवर.