मुलींच्या शाळेचं आवार नव्याने बांधताना: मागची गोष्ट

मुलींच्या जुन्या शाळेचं रीडेव्हलपमेंट निघालं की पहिल्याच मीटिंगला आर्किटेक्ट मूळ नकाशा मागतो, आणि बहुतेक वेळा तो कुणाकडेच नसतो. एक जुनी वास्तू, तिला जोडलेल्या चार खोल्या, मग कधीतरी देणगीतून उभा राहिलेला हॉल, त्यावर नंतर चढवलेला मजला, मागे पत्र्याची शेड, आणि ड्रेनेजची लाइन नक्की कुठून जाते ते फक्त जुन्या शिपायांना माहीत. लोक म्हणतात संस्थेचा ढिसाळपणा. मला तसं नाही वाटत. मुलींच्या शाळा सुरूच अशा झाल्या, आणि ते समजलं तर आजच्या कामाची फेजिंग, म्हणजे कोणता टप्पा कधी, हे ठरवायला खूप मदत होते म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात बघा. पुण्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात, म्हणजे दुसऱ्याच्या घरात. पुढच्याच वर्षी कोलकात्यात बेथून या इंग्रज अधिकाऱ्याची शाळा सुरू झाली ती दक्षिणारंजन मुखर्जी यांच्या घरात. लंडनला १८५० मध्ये फ्रान्सेस बस यांनी नॉर्थ लंडन कॉलेजिएट सुरू केली ती कॅम्डन स्ट्रीटवरच्या राहत्या घरात. अमेरिकेत एमा विलार्ड यांनी तर १८१९ लाच न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे मुलींच्या शिक्षणाची योजना मांडली होती आणि त्यात राहायच्या खोल्या, वर्गखोल्या, उपकरणांसाठी वेगळी जागा असं इमारतीचं वर्णनसुद्धा होतं, पण सरकारकडून पैसे काही आले नाहीत, शेवटी ट्रॉय गावाने ४,००० डॉलरचा कर बसवून जी इमारत घेतली ती आधी कॉफी हाऊस होती. १८२१ मध्ये शाळा तिथे भरली. पुण्यातल्या १८८४ च्या मुलींच्या हायस्कूलचं हुजूरपागा हे नावच सांगतं की ती जागा पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती. आणि कर्व्यांचं हिंगण्याचं काम १९०० साली एका झोपडीत सुरू झालं.

म्हणजे घर, वाडा, कॉफी हाऊस, पागा, झोपडी. शाळा म्हणून बांधलेली पक्की इमारत यात एकही नाही. मुलांच्या शाळांच्या मागे निदान काही ठिकाणी जुन्या देणग्या होत्या, जमिनी होत्या, मुलींसाठी हे जवळजवळ नव्हतंच. इंग्लंडमध्ये शाळांची पाहणी करणाऱ्या टॉन्टन आयोगाने १८६८ ला अहवाल दिला तेव्हा मुलींच्या देणगीवर चालणाऱ्या माध्यमिक शाळा अख्ख्या देशात फक्त १३ निघाल्या. म्हणून १८७२ मध्ये तिथे मुलींच्या शाळा काढायला चक्क शेअर विकून कंपनी उभी करावी लागली. पैसा तुकड्यातुकड्याने आला की बांधकामही तुकड्यातुकड्यानेच होतं, एका बॅचच्या फीमधून दोन वर्ग, एका देणगीदाराच्या आईच्या नावाने लॅब, असं. आज आपण ज्याला वेडीवाकडी इमारत म्हणतो ती त्या बायकांच्या चिकाटीची नोंदवही आहे असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे सरसकट सगळं पाडायच्या आधी कोणता भाग कधीचा आणि कोणाच्या पैशातला याची यादी करा एवढीच विनंती.

यातून बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे सगळं सोडून दुसरीकडे जाणं. नॉर्थ लंडन कॉलेजिएटने तेच केलं, १९२९ मध्ये शहराबाहेर कॅनन्स नावाची जुनी हवेली आणि तिचं आवार घेतलं, पण सगळी शाळा तिथे जाईपर्यंत १९४० उजाडलं. बऱ्याच संस्थांना मात्र हा पर्याय नसतोच. जागा तीच, मुली तिथेच, आणि शेजारी जेसीबी.

आता नियमांचं. फायर एनओसी म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, दोन जिने, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं हे सगळं ऐकून संस्थाचालक वैतागतात, पण यातलं काहीही कागदावर सहज आलेलं नाही. ४ मार्च १९०८ ला अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ कॉलिनवूडच्या शाळेला आग लागली, १७२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, खाली दाराजवळच्या अरुंद जागेत मुलं एकमेकांवर अडकली होती. त्याआधी १८९६ मध्ये माउंट होल्योक या मुलींच्या संस्थेची मुख्य इमारत जळाली. वर्ग, राहणं, स्वयंपाक सगळं त्या एकाच मोठ्या इमारतीत होतं, आणि नंतर त्यांनी एकाऐवजी बऱ्याच लहान इमारती बांधल्या. हॉस्टेल वेगळं ठेवायचा विचार करताना हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते ११ मार्च २००२ चं मक्केतलं आगीचं प्रकरण. मुलींची शाळा, भाड्याची इमारत, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुली, आणि दार बंद. १५ मुली गेल्या. आग फार मोठी नव्हती, बाहेर पडता आलं नाही म्हणून गेल्या. त्यानंतर तिथलं मुलींच्या शिक्षणाचं वेगळं खातं शिक्षण मंत्रालयात विलीन केलं गेलं. मुलींची शाळा म्हटलं की सगळीकडेच पहिला विचार कुलपाचा होतो, उंच भिंत, एकच गेट, खिडकीला ग्रिल, आणि बांधकाम सुरू झालं की परके लोक आवारात येतात म्हणून आणखी कुलपं वाढतात. सुरक्षा आणि सुटकेचा रस्ता यांची इथे थेट टक्कर होते आणि दोन्ही सांभाळायचं तर कुलपाच्या जागी माणूस ठेवावा लागतो किंवा आतून ढकललं की उघडणारं दार. आपल्याकडे २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, गवताच्या छपरामुळे आग पसरली होती, त्याच प्रकरणाच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं.

भूकंपाचंही तसंच. कॅलिफोर्नियात लाँग बीचला १० मार्च १९३३ ला संध्याकाळी सहाच्या सुमाराला धक्का बसला, साधारण ७० शाळा पडल्या, वर्ग सुटले होते म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात तिथे शाळांच्या बांधकामाचा वेगळा कायदा आला, फील्ड अ‍ॅक्ट, ज्यात डिझाइन सरकारकडून तपासून घेणं आणि काम चालू असताना साइटवर सतत तपासणी हे दोन्ही आलं. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, आग्रह धरणाऱ्यांना घाबरट समजू नका, एवढंच म्हणेन.

मटेरियलबद्दल थोडक्यात. गेल्या शतकात स्वस्त आणि झटपट म्हणून जे वापरलं ते आता काढावं लागतंय. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने शाळांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे त्याची नोंद ठेवणं सक्तीचं केलं. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ च्या शेवटी, टर्म सुरू व्हायला काही दिवस असताना, जुन्या हलक्या काँक्रीटमुळे १०० हून जास्त शाळांना इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करायला सांगितलं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ श्वासातून जाणं घातक, म्हणून ते शाळा रिकामी असताना, ओले करून, न फोडता उतरवायचे. हातोड्याने फोडून खाली टाकणारा कॉन्ट्रॅक्टर नको.

टॉयलेटचा विषय लोक शेवटी घेतात, मी तो पहिला घेईन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आलं, मग २०१४ मध्ये स्वच्छ विद्यालय मोहीम निघाली आणि वर्षभरात सरकारी आकड्यानुसार २.६१ लाख शाळांमध्ये ४.१७ लाख टॉयलेट बांधली किंवा दुरुस्त झाली. इतक्या उशिरा मिळालेली गोष्ट रीडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यात आधी तुटते, कारण जुना टॉयलेट ब्लॉक बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात असतो आणि ट्रकला आत यायला तोच कोपरा लागतो. मग सहा महिने मुली पाणी कमी पितात, पाळीच्या दिवसांत घरी राहतात, आणि हजेरीपटावर त्याचं कारण कुठेच लिहिलं जात नाही. नवीन टॉयलेट चालू होऊन पाणी येईपर्यंत जुनं पाडायचं नाही, ही अट वर्क ऑर्डरमध्ये लिहूनच घ्यायची.

शाळा चालू ठेवून बांधकाम करायचं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसा अलीकडचा. आधी कॉन्ट्रॅक्टर जाणे आणि त्याचं काम जाणे असंच होतं. युरोपने १९९२ मध्ये तात्पुरत्या बांधकाम साइटच्या सुरक्षेवर निर्देश काढला, त्यावरून ब्रिटनमध्ये १९९५ पासून जे नियम लागू झाले त्यांनी बांधून घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्या बाबतीत शाळेवरही, जबाबदारी टाकली. हा बदल मोठा होता. ट्रकचं गेट वेगळं, शाळा भरताना-सुटताना गाड्या बंद, ड्रिलिंग आणि पाडापाडी सुट्टीत, हॉस्टेलच्या खिडकीला लागून परांची नाही, प्रत्येक फेजला आग लागल्यास बाहेर पडायचा नवा नकाशा आणि त्याचं ड्रिल, हे सगळं पहिली कुदळ पडायच्या आधी शाळेने ठरवायचं.

आणि साइटवरच्या बायका. आपल्याकडच्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. शाळेच्या साइटवर इतक्या बायका क्वचितच असतात त्यामुळे ती लागू व्हायची नाही, पण मुलींच्या शाळेचा स्लॅब पडताना घमेली वाहणारीची मुलगी वाळूच्या ढिगाऱ्यावर बसलेली असते आणि बजेट ठरवताना तिच्यासाठी एक खोली, एक बाई, आणि मोठी असेल तर सरळ वर्गात प्रवेश, हा खर्च एकूण रकमेत दिसणारसुद्धा नाही.