फळी वाकली तशी चित्रं बदलली

कवट्या, हाडं, किंचाळणारे हात, जाड काळ्या रेषा आणि त्यात भरलेले भडक, सपाट रंग. स्केटबोर्डच्या पोटावरची, म्हणजे खालच्या बाजूची, ही चित्रशैली आता टी-शर्टपासून स्टिकरपर्यंत सगळीकडे दिसते आणि ती बंडखोर पोरांच्या डोक्यातून आली असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं श्रेय छपाईचं. जाळीतून शाई दाबून ती वाकड्या लाकडावर उतरवायची, या खटपटीत जे टिकलं त्याची शैली झाली.

स्क्रीन प्रिंटिंग आपल्याकडे लग्नपत्रिकांमुळे गल्लोगल्ली पोचलेलं आहे. चौकटीवर ताणलेली जाळी, चित्राची जागा सोडून बाकी बुजवलेली छिद्रं, वर शाई आणि स्क्वीजीचा, म्हणजे शाई दाबणाऱ्या रबरी पट्टीचा, एक ओढा. मूळ कल्पना चीन-जपानमधल्या स्टेन्सिलची. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. नंतर रेशमाच्या जागी पॉलिस्टर आलं, छिद्रं बुजवायला प्रकाशाने कडक होणारा लेप, म्हणजे इमल्शन, आलं. एक गृहीतक मात्र कायम राहिलं: ज्यावर छापायचं ते सपाट असेल. पत्रिका सपाट असते, पाटी सपाट असते, कापडही पाटावर पसरलं की सपाट होतं. स्केटबोर्डची फळी तशी पसरत नाही.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण फळीच्या पोटाकडे कुणी बघत नव्हतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या कॅलिफोर्नियात फळी म्हणजे चाकं लावलेला लाकडाचा तुकडा. नाव-बिव छापायचं तर वरच्या बाजूला. १९६५ नंतर हा खेळ जवळपास बसलाच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेन या चिवट प्लॅस्टिकची चाकं आणली, मातीच्या मिश्रणाची ठिसूळ चाकं मागे पडली आणि पोरं पुन्हा रस्त्यावर आली. मग १९७६-७७ चा दुष्काळ पडला. कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोलसर भिंतींवर स्केटिंग सुरू झालं. भिंतीच्या काठावर पोचलेल्या पोराचा फोटो खालून काढला की सगळ्यात आधी दिसतं ते फळीचं पोट! मासिकांतून असे फोटो येऊ लागले आणि ती रिकामी जागा धंदेवाल्यांच्या डोळ्यांत भरली.

सांता मोनिकाच्या डॉगटाउन भागात वेस हम्पस्टन तेव्हा आपल्या फळ्यांवर हाताने चित्रं काढत होता. हाताने किती काढणार? मागणी वाढल्यावर छापण्याला पर्याय उरला नाही. १९७८ मध्ये जॉर्ज पॉवेल आणि स्टेसी पेराल्टा यांनी पॉवेल-पेराल्टा ही स्केटबोर्ड कंपनी काढली. तिच्यासाठी चित्रकार व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांनी स्केटर रे रॉड्रिगेझच्या फळीवरची कवटी-तलवार आणि कागद फाडून बाहेर येणारा सांगाडा काढला. सांता क्रूझ या दुसऱ्या कंपनीचे चित्रकार जिम फिलिप्स यांचा निळा किंचाळणारा हात १९८५ चा.

या चित्रांकडे छापणाऱ्याच्या नजरेने पाहायला हवं. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. एक रंग छापायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. संगणकाच्या आधी हे रंग वेगळे करायचे म्हणजे लाल फिल्म ब्लेडने हाताने कापत बसायचं. फळी प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी बसली नाही तर दोन रंगांमध्ये लाकडाची फट दिसते. म्हणून रंग एकमेकांवर थोडे चढवायचे आणि शेवटी जाड काळी रेष मारायची, म्हणजे सगळ्या चुका तिच्याखाली झाकल्या जातात. ती रेष चित्रकाराची सही वाटते. निम्मी तरी ती छापणाऱ्याची सोय होती. बारीक ठिपक्यांच्या छटाही शक्यतो नकोच, कारण वाकड्या पृष्ठभागावर ठिपके आधी बिघडतात.

वाकडेपणाची गंमत अशी. मेपलच्या लाकडाचे साधारण सात पातळ थर गोंद लावून साच्यात दाबले की फळी तयार होते, आणि साच्याचा बाक तिच्यात कायमचा राहतो. कडा किंचित वर, शेपटी म्हणजे मागचं टोकही वर. छापायला ती उलटी ठेवली की मधला भाग फुगीर आणि टोक खाली गेलेलं. साध्या स्क्रीनची जाळी फळीपासून जराशी वर असते, स्क्वीजी जिथे दाबेल तेवढीच टेकते आणि लगेच सुटते. इथे मध्यावर हे जमतं, पण टोकाकडे जाळी आणि लाकूड यांतलं अंतर वाढत जातं. जोर लावून जाळी खाली दाबली तर ती ताणते आणि चित्र लांबट होतं. जाळी चिकटून राहिली तर शाई पसरते. जोर कमी पडला तर कवटीचे दात गायब. यावर उपाय म्हणजे चौकटच लवचीक करायची: लांब बाजू वाकणाऱ्या, जाळी नेहमीपेक्षा सैल, म्हणजे ती फळीवरून ओघळल्यासारखी बसते. स्क्वीजी मऊ रबराची. बाकी सगळं हातात. मध्यावर एक दाब, उतारावर मनगट खाली सोडत दुसरा, आणि मध्ये थांबायचं नाही, कारण जिथे हात थांबला तिथे पट्टा उमटला.

ऐंशीच्या दशकातल्या फळ्या रुंद होत्या, त्यांचं पुढचं टोक बरंचसं सपाट होतं. म्हणजे अवघड उतार एकाच बाजूला, आणि चित्राचा मुख्य भाग दोन ट्रकच्या, म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या आसांच्या, मध्ये आला की काम भागायचं. एकेक चित्र वर्षानुवर्षं चालायचं. पोटाला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून पोरं ते घासण्यापासून जपायचीसुद्धा.

१९८९ मध्ये वर्ल्ड इंडस्ट्रीज या कंपनीने स्केटर माइक व्हॅलेलीची बार्नयार्ड फळी काढली. तिच्यावरचे शेतातले प्राणी मार्क मकीने काढलेले. पुढचं टोकही वर उचललेल्या सुरुवातीच्या फळ्यांपैकी ही एक. दोनतीन वर्षांत सगळ्याच फळ्या अरुंद आणि दोन्हीकडून उचललेल्या झाल्या. छापणाऱ्याच्या वाट्याला आता दोन उतार आले, शिवाय जागा चिंचोळी. त्यात स्टीव्ह रोको यांच्या वर्ल्ड इंडस्ट्रीजने चित्रं भराभर बदलायचा सपाटा लावला: मोठ्या कंपन्यांच्या बोधचिन्हांची टिंगल, वकिलांच्या नोटिसा येतील अशी चित्रं. लगेच काढा, विका, पुढचं घ्या. इतक्या घाईच्या कामाला हाताची छपाई परवडत होती, कारण नवी स्क्रीन करणं स्वस्त असतं. मला तरी हीच तिची सगळ्यात मजेदार वर्षं वाटतात, चित्रं कितीही ओबडधोबड असोत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हीट ट्रान्सफर आलं आणि गणित पालटलं. चित्र आधी सपाट प्लॅस्टिक फिल्मवर छापायचं, तेही बऱ्याचदा स्क्रीननेच, आणि मग तापलेल्या सिलिकॉनच्या मऊ रोलरखालून फळी फिल्मसकट सरकवायची. रोलर बाकाप्रमाणे दबतो, सगळे रंग एका फेरीत चिकटतात, फिल्म सोलून टाकली की झालं. छटा, फोटो, हवं ते छापता येतं. वाळवण्याची जागा आणि शाईच्या वासात दिवसभर उभं राहणारी माणसं कमी लागतात. उत्पादन मेक्सिको आणि चीनकडे सरकत होतं, तेव्हा हे सोयीचंच पडलं. चित्रकाराला मोकळीक मिळाली हे खरं, पण बऱ्याच फळ्या एखाद्या जाहिरातीसारख्या दिसू लागल्या हेही खरंच.

२०१९ च्या जानेवारीत सदबीज या लिलाव कंपनीने सुप्रीम या कपड्यांच्या ब्रँडच्या २४८ फळ्यांचा संच ८ लाख डॉलरला विकला. त्या बाजाराचं सोडा. हाताची छपाई उरली आहे ती छोट्या दुकानांत: ट्रान्सफर फिल्मची ऑर्डर मोठी द्यावी लागते, आणि ज्याला मोजक्याच फळ्या काढायच्या आहेत तो अजूनही सैल जाळी आणि वाकणारी चौकट घेऊन बसतो. अशी फळी ओळखायची तर बोट फिरवून पाहावं; एकावर एक चढलेल्या रंगांच्या कडा हाताला लागतात.