राडारोडा, अनधिकृत

बांधकाम, पाडकाम किंवा घरदुरुस्तीतून निघालेल्या विटा, माती, फरशा, काँक्रीटचे तुकडे (मुंबईकरांच्या तोंडी ‘डेब्रिज’) ठरवून दिलेली जागा सोडून खाडीकाठी, नदीपात्रात, नाल्यात वा मोकळ्या भूखंडावर टाकणे. असे करणे बेकायदा आहे.

व्यवहार साधा असतो. ठेकेदार खेपेचे पैसे मोजून मोकळा होतो. डंपरवाल्याचा नफा अंतर वाचवण्यात, म्हणून खेप रात्री जवळच्या काठावर रिकामी होते. खाडीकाठी आणखी एक गणित असते: भरावाने कांदळवन (खाऱ्या पाण्यात वाढणारी मॅनग्रोव्हची झाडी) मरते, जमीन वर येते, तिच्यावर गॅरेज नि गोदामे उभी राहतात. डिझेल एकाचे वाचते, भुर्दंड इतरांना. नाले उपसण्याचा खर्च करदात्यांचा, तुंबलेले पाणी सखल वस्तीत, आणि कांदळवनाबरोबर मासळी जाते ती कोळ्यांची.

याला गुन्हा म्हणून फार काळ कोणी पाहिलेच नाही. मुंबईच मुळात बेटांमधल्या उथळ पाण्यात भर घालून घडली. खाजण (भरतीचे पाणी शिरणारी दलदल) म्हणजे पडीक जागा ही समजूत सरकारी कचेऱ्यांतही मुरलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, मिठी नदी उलटली, आणि पाणी जाण्याच्या वाटा कोणी बुजवल्या हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला व तेथील भरावाला मनाई केली. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला. पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरल्यावर नदीपात्रातल्या भरावावरून असाच गदारोळ झाला.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्यांना विल्हेवाटीचा आराखडा देणे बंधनकारक झाले होते. न्हाणीघर फोडून निघालेली पाच-पंचवीस पोती यात येत नव्हती, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात ती नेमकी हीच. त्यांच्यासाठी मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे. चांगल्या राडारोड्यापासून पेव्हर ब्लॉक बनतात, तेव्हा तो फुकट घालवण्यात शहाणपणही नाही. रहिवासी आता डंपरच्या नंबरप्लेटचे फोटो काढून तक्रारी करतात. मात्र सापडतो तो बहुधा चालक. माल ज्या इमारतीतून निघाला तिच्या मालकापर्यंत कारवाई क्वचितच जाते.