रिपोर्टातले ठळक आकडे

निफाडचा एक द्राक्ष बागायतदार पंचवटीतल्या दवाखान्यात येतो आणि पिशवीतून रिपोर्ट काढतो. "डॉक्टर, हे दोन आकडे ठळक का छापलेत?" तपासण्या सत्तरच्या वर, त्रास काहीच नाही. कुणी लिहून दिल्या, तर कुणीच नाही. ऑफर होती.

या ठळक आकड्यांमागे एक यंत्र आहे आणि थोडं गणित. १९५७ साली ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आलं आणि रक्ताच्या तपासण्या हाताने करण्याऐवजी झपाझप होऊ लागल्या. 'नॉर्मल'च्या बाहेर गेलेला आकडा ठळक छापतात. आता 'नॉर्मल' म्हणजे काय? निरोगी माणसांतले मधले ९५ टक्के. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर एखादी तरी बाहेर जाण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के! मग पुन्हा रक्त, सोनोग्राफी, तज्ज्ञ.

तपासणी कुणाची करावी, हा प्रश्न यंत्रानंतर आला. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोन तज्ज्ञांनी लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीचे निकष मांडले. १९८९ पासून नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःच मार्गदर्शिका काढायला घेतल्या. पुराव्यावर आधारित वैद्यक हे नाव रुळलं ते नव्वदच्या दशकात.

आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण क्षयरोगाचं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडीज) टीबी ठरवणाऱ्या चाचण्या खाजगी लॅबमध्ये सर्रास चालत. पुरावा तपासून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने बंदीच घातली. इतकं स्पष्ट 'नको' आपल्याकडे क्वचितच ऐकू येतं.

टायफॉइडसाठी होणाऱ्या विडाल या रक्तचाचणीच्या नशिबी ते आलं नाही. चाचणी १८९६ ची. टायफॉइडचे प्रतिपिंड वाढायला आठवडाभर तरी लागतो, आणि जुन्या संसर्गाने किंवा लशीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. २०१९ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, अत्यावश्यक तपासण्यांची राष्ट्रीय यादी काढली. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कुठे काय उपलब्ध हवं ते त्यात आहे. समोरच्या पेशंटला कोणती तपासणी नको, हे सांगणं तिचं काम नव्हे. पावसाळ्यात तापाच्या दुसऱ्याच दिवशी चिठ्ठीवर एका दमात लिहिलं जातं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एमपी (मलेरियाची तपासणी), विडाल.