फील्ड क्रमांक ४८: अनेक व्हेंडर आणि एक रिक्वेस्ट

कार्डाच्या व्यवहाराचा संदेश बँकेकडे कसा जावा, याचा साचा आयएसओ ८५८३ या मानकाने १९८७ मध्ये बांधून दिला. आधी चार अंकी संदेशप्रकार, मग ६४ बिटांचा नकाशा, मग प्रत्यक्ष फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने. नकाशातला चौथा बिट १ असेल तर चौथं फील्ड, म्हणजे रक्कम, पुढे येणार. ० असेल तर ते नाहीच. कुठलं फील्ड आलंय हे संदेश स्वतःच सांगतो. आज आपण प्रोग्राममध्ये ओळीमागून ओळ नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, तपासत बसतो, त्यापेक्षा हे कितीतरी देखणं. पण त्याच यादीत ४८वं फील्ड ‘जादा माहिती, खासगी’ म्हणून मोकळं सोडलं होतं. ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने भरलं. मानक एकच, तरी नवी जोडणी आली की पुन्हा कागदपत्रं उघडून बसायचं.

पुढच्या सगळ्या खटपटी मला या ४८व्या फील्डाभोवतीच फिरताना दिसतात. एकाच प्रोग्रामला पैसे घेणाऱ्या अनेक सेवांशी, म्हणजे व्हेंडरांशी, बोलायचं असतं, आणि प्रत्येकाला रिक्वेस्ट, म्हणजे मागणीचा संदेश, वेगळी हवी असते. हा फरक नाहीसा होत नाही. तो ठेवायचा कुठे, एवढाच वाद.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मंडळींचं पहिलं उत्तर अर्थातच इनहेरिटन्स, म्हणजे एका मूळ क्लासापासून (माहितीच्या साच्यापासून) उपप्रकार काढणं. एक बेसरिक्वेस्ट, तिच्यापासून प्रत्येक व्हेंडरची वेगळी रिक्वेस्ट, आणि सगळ्या व्हेंडरांना पाठवण्यासाठी एकच सेंड मेथड (फंक्शन). कागदावर झकास. प्रत्यक्षात ‘अ’ व्हेंडरच्या सेंडमधली पहिलीच ओळ आलेली बेसरिक्वेस्ट ‘अ’च्या प्रकारात कास्ट करते, म्हणजे ती ‘अ’चीच आहे असं धरून चालते, आणि भलतीच रिक्वेस्ट आली की एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकते. मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तरी प्रोग्रामचं काही बिघडता कामा नये, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं. इथे नेमकं तेच मोडतं. कास्ट टाळायला मग सगळ्यांची सगळी फील्ड एकाच क्लासात कोंबली जातात. त्यातली कुठली कोणासाठी, हे तो क्लास लिहिणाराही वर्षभरात विसरतो.

१९९४ मध्ये ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने अ‍ॅडाप्टरला (दोन बाजूंमध्ये भाषांतर करणाऱ्या मधल्या क्लासाला) नाव दिलं, आणि फरक रिक्वेस्टमधून उचलून वेशीवर नेता येतो हे लोकांना पटू लागलं. २००३ मध्ये एरिक इव्हान्स यांचा अँटी-करप्शन लेयर, म्हणजे बाहेरच्या प्रणालीच्या कल्पना आपल्या मॉडेलमध्ये शिरू न देणारा थर, आला. होप आणि वुल्फ यांनी प्रणालींच्या जोडणीवरच्या पुस्तकात कॅनॉनिकल डेटा मॉडेल, म्हणजे सगळ्या प्रणालींसाठी माहितीचा एक सामाईक साचा, मांडलं. हिशेब साधा आहे: सहा प्रणाली एकमेकींशी थेट बोलल्या तर ३० भाषांतरं लागतात, मध्ये सामाईक मॉडेल ठेवलं तर १२.

शॉपिफायमधून निघालेली अ‍ॅक्टिव्ह मर्चंट ही रुबी लायब्ररी याच वळणाची. परचेस मेथडला रक्कम, कार्ड आणि शेवटी ऑप्शन्स नावाचा हॅश, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा संच, द्यायचा. रक्कम सेंटमध्ये, पूर्णांकात. व्हेंडरला दशांश हवे असतील तर ते त्याचा अ‍ॅडाप्टर बघेल. आणि ऑप्शन्स? ४८वं फील्डच, कपडे तेवढे नवे.

जावा ५ मध्ये, २००४ साली, जेनेरिक्स, म्हणजे एका प्रकारात दुसरा प्रकार नमूद करण्याची सोय, आले तेव्हा वाटलं, सुटलं. व्हेंडरच्या प्रकारातच त्याच्या रिक्वेस्टचा प्रकार लिहायचा, चूक कंपाइलर प्रोग्राम चालण्याआधीच पकडेल. पण कुठला व्हेंडर वापरायचा हे बहुधा कॉन्फिगरेशन वाचल्यावर कळतं. सगळे व्हेंडर एका मॅपमध्ये (नावावरून वस्तू शोधायच्या यादीत) ठेवले की प्रकाराची माहिती तिथेच गळते आणि कास्ट मागच्या दाराने परत येतो.

जावा १७ ने २०२१ मध्ये सील्ड क्लास, म्हणजे ज्यांचे उपप्रकार आधीच ठरवून बंद केलेले असतात असे क्लास, पक्के केले. फंक्शनल भाषांत ही सोय जुनीच. आता पैसे भरण्याची पद्धत कार्ड, खात्यातून वळतं किंवा वॉलेट, एवढ्या ठरावीक प्रकारांत बंद करता येते. मला हे सर्वांत पटतं, कारण इथे वाटणी आपल्याला काय करून हवंय यावर होते, कोणाला सांगायचंय यावर नाही. तरी एखादा व्हेंडर असं काही मागतोच की ज्याला आपल्या मॉडेलमध्ये नावच नाही. मग अ‍ॅडाप्टरच्या पोटात एक स्ट्रिंगांचा मॅप उरतो. त्यात कोणी ‘मोबाइल_नंबर’ लिहितो, कोणी ‘मोबाइलनंबर’, आणि कंपाइलर दोन्हींना मान डोलावतो.