एकाच तेलाचे दोन वाटेकरी

शिवडीला १९३२ साली वनस्पती तुपाचा एक कारखाना सुरू झाला. दोन वर्षांनी त्याला लागूनच साबणाचा कारखाना उभा राहिला. एकातला माल कढईत जायचा, दुसऱ्यातला मोरीत. मालक दोन्हीकडे एकच, युनिलिव्हर. खाण्याचं आणि अंग घासायचं एकाच घरात कसं, असा प्रश्न आज कुणाला पडत नाही, इतकी आपल्याला त्याची सवय झाली आहे. ही सोयरीक जमवली ती तेलाने.

तेल काय किंवा चरबी काय, आतून रचना सारखीच. ग्लिसरीनचा एक छोटा कणा आणि त्याला जोडलेली मेदाम्लांची तीन लांब शेपटं. कॉस्टिक सोड्याबरोबर हे मिश्रण उकळलं की शेपटं सुटतात आणि सोडियमला चिकटतात. झाला साबण! उरलेलं ग्लिसरीन वेगळं काढता येतं. साबण कसा उतरेल हे बरंचसं शेपटाच्या लांबीवर ठरतं. खोबरेलात बारा कार्बनचं शेपूट जास्त असतं. त्याच्या साबणाला झटकन फेस येतो, पण वडी लवकर झिजते. जनावराच्या चरबीत सोळा-अठरा कार्बनची शेपटं असतात. तिची वडी टणक, टिकाऊ, पण फेस आळशी. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो आणि साबण करणाऱ्याचं निम्मं कसब तिथेच लागतं.

युनिलिव्हरच्या नावातला ‘लिव्हर’ तो विल्यम लिव्हर. त्याला हे रसायन येत होतं असं नाही. तो इंग्लंडमधल्या बोल्टनच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्या काळी वाणी साबणाच्या लांब लादीतून तुकडा कापून वजनावर विकायचा. लिव्हरने १८८४ साली ‘सनलाइट’ हे नाव नोंदवलं आणि पुढच्या वर्षी भाऊ जेम्सबरोबर वॉरिंग्टनमधला एक कारखाना भाड्याने घेतला. तिथे विल्यम हफ वॉटसन या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने मिश्रण बदललं. चरबीचा वाटा कमी झाला, खोबऱ्याच्या किंवा पामच्या बीच्या तेलाचा वाढला. जोडीला सरकीचं तेल आणि राळ. साबणाला सहज फेस येऊ लागला. वडी कापून, कागदात गुंडाळून, वर नाव छापून विकायची हे लिव्हरचं डोकं. १८८८ साली मर्सी नदीकाठी पोर्ट सनलाइट या वसाहतीचं काम सुरू झालं आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या बंदरात सनलाइटची खोकीही उतरली.

इतकं होईपर्यंत तेल कुठून आणायचं ही चिंता साबणवाल्यांची एकट्याची राहिली नव्हती. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. १८६९ साली इपोलित मेज-मुरिये या रसायनज्ञाने गोमांसाच्या चरबीचा मऊ भाग आणि दूध घुसळून मार्गारीन केलं. नावाचा किस्सा मोठा गमतीचा आहे. मिशेल शेवरल या शास्त्रज्ञाला चरबीत मोत्यासारखं चमकणारं एक मेदाम्ल सापडलं होतं, म्हणून त्याने मोत्याच्या ग्रीक शब्दावरून त्याला मार्गारिक आम्ल म्हटलं. पुढे कळलं की ते एक आम्ल नव्हेच, दोन आम्लांचं मिश्रण आहे. नाव मात्र डब्यावर कायम राहिलं. मार्गारीनचा धंदा वाढवला तो नेदरलँड्समधल्या ऑस गावच्या युर्गेन्स आणि व्हॅन डेन बर्ग या दोन लोणी-व्यापारी घराण्यांनी. तेही तेला-चरबीच्या मागे आणि साबणवालेही तिच्याच मागे.

लिव्हरने यावर उपाय काढला तो पामचं झाड गाठण्याचा. पामच्या फळात दोन तेलं असतात. गरातलं तेल केशरी-लाल आणि सोळा कार्बनच्या शेपटांनी भरलेलं, म्हणजे गुणांनी चरबीच्या जवळचं. बीमधलं तेल खोबरेलाचा सख्खा भाऊ. टणक वडी आणि फेस, दोन्हींची सोय एकाच फळात! आजही कित्येक अंगसाबणांच्या वेष्टनावर मागे बारीक अक्षरांत ‘सोडियम पामेट’ आणि ‘सोडियम पाम कर्नेलेट’ असं छापलेलं दिसतं. पहिला गरातला, दुसरा बीमधला.

बी वाळवून बोटीने पाठवता येते. गराचं तसं नाही. फळ तोडलं, खरचटलं की त्यातलं लायपेझ नावाचं विकर (एन्झाइम) तेल फोडायला लागतं आणि तेल आंबट, कडवट होत जातं. फळ लगेच वाफवून हे विकर मारलं नाही तर तेलाची प्रत जाते. त्यामुळे गिरणी झाडांजवळच हवी. १९११ साली बेल्जियन सरकारशी करार करून लिव्हर काँगोत उतरला त्यामागे हेही एक कारण होतं. तिथल्या केंद्राचं नाव लिव्हरविल. पोर्ट सनलाइटला कामगारांसाठी टुमदार घरं, बागा आणि चित्रसंग्रहालय बांधणाऱ्या या माणसाच्या कंपनीने काँगोत वसाहती सरकारच्या मदतीने सक्तीची मजुरी राबवून घेतली. उंच झाडावर चढून घड उतरवणारी माणसं खुशीने येत नव्हती. १९३१ मध्ये त्या भागातल्या पेंडे लोकांनी उठाव केला आणि तो रक्तपाताने दडपला गेला. सनलाइटचा इतिहास सांगताना हे पान सहसा उलटलं जातं, ते उलटू नये.

तेलाच्या रस्सीखेचीत खरा बदल घडवला जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने. पातळ तेलाच्या शेपटांत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. तिथे शेपूट वाकतं, रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. गरम तेलात निकेलची भुकटी टाकून हायड्रोजन सोडला की हे बंध भरतात, शेपटं सरळ होतात आणि तेल गोठतं. नॉर्मानने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. आता सरकी असो की उग्र वासाचं देवमाशाचं तेल, कशाचीही घट्ट चरबी करता येऊ लागली. साबणालाही चालेल, मार्गारीनलाही चालेल अशी! म्हणजे भांडण मिटायच्या ऐवजी पेटलंच. हे पेटंट वॉरिंग्टनच्याच क्रॉसफील्ड या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेलं होतं. १९१९ मध्ये लिव्हर ब्रदर्सने ती कंपनीच विकत घेतली.

लिव्हर १९२५ साली वारला. दोन वर्षांनी युर्गेन्स आणि व्हॅन डेन बर्ग हे हाडवैरी एकत्र आले आणि मग तेल विकत घेताना एकमेकांविरुद्ध भाव चढवण्यापेक्षा एकत्र खरेदी परवडते, हे साबणवाल्यांना आणि मार्गारीनवाल्यांना पटलं. २ सप्टेंबर १९२९ ला करार झाला, १ जानेवारी १९३० पासून युनिलिव्हर अस्तित्वात आली. देवमाशाच्या तेलाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत पुढे तिची गणना होत होती. (युनिलिव्हरच्या आइस्क्रीमचा संबंध मात्र तेलाशी नाही. वॉल्स या सॉसेज करणाऱ्या कंपनीचा उन्हाळ्यात माल खपत नसे, म्हणून १९२२ मध्ये आइस्क्रीम सुरू झालं.)

आपल्याकडे हाच हायड्रोजन डालड्याच्या डब्यात आला. हे नाव १९३७ चं. नेदरलँड्सहून वनस्पती तूप आणणाऱ्या ‘दादा’ कंपनीच्या नावात लिव्हरचा ‘ल’ घुसवला, झालं डालडा. दिसायला तुपासारखं रवाळ, भाव तुपापेक्षा बराच कमी. साजूक तुपात ते सर्रास मिसळलं जाऊ लागलं. ओळखायचं कसं? रंग घाला, अशी मागणी बरीच वर्षं होत राहिली. सरकारने केलेला इलाज मला फार आवडतो: वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल सक्तीचं. तिळात सेसमॉल नावाचं रसायन निघण्याजोगं द्रव्य असतं. संशयित तूप हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल नावाच्या थोड्या रसायनाबरोबर हलवलं की खालचा थर गुलाबी-लाल होतो. तूप शुद्ध असेल तर रंग येत नाही. चोर पकडण्यासाठी चोराच्याच खिशात घंटा बांधावी तसा हा प्रकार.

अर्धवट हायड्रोजन भरताना काही बंध भरत नाहीत, नुसते उलटे फिरतात. हेच ट्रान्स फॅट. हृदयाला ते घातक असल्याचं पुढे स्पष्ट झालं. भारतात जानेवारी २०२२ पासून त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

धुण्याच्या बाजूनेही तेलाची साथ सुटत गेली. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमला धरून बसतो आणि पांढरा साका तयार होतो. पेट्रोलियमपासून बनलेले डिटर्जंट तसं करत नाहीत. १९५९ मध्ये भारतात सर्फ आलं. नवी रसायनं अंगाशीही आली: १९९४ मध्ये युरोपात आणलेल्या ‘पर्सिल पॉवर’ या युनिलिव्हरच्या धुण्याच्या पावडरमध्ये मँगनीजचं उत्प्रेरक होतं आणि ते डागांबरोबर कपड्यांचा धागाही खात होतं. कंपनीला तो माल मागे घ्यावा लागला.

कपडे धुण्यासाठी चरबीची गरज उरली नाही, तेव्हा तेलावर जमलेली सोयरीकही सैल पडत गेली. २००३ मध्ये डालडा विकला गेला. २०१८ मध्ये मार्गारीनचा सगळा धंदा विकून झाला, म्हणजे युर्गेन्स आणि व्हॅन डेन बर्गांनी आणलेला हिस्साच घराबाहेर गेला. डिसेंबर २०२५ मध्ये आइस्क्रीमही वेगळ्या कंपनीत गेलं. वॉरिंग्टनला उकळायला घातलेला साबण मात्र अजून घरातच आहे.