जाड आहे म्हणून पुस्तक होत नाही

दिवाळी अंकांचे गठ्ठे वाचनालयात आले की दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, एवढा जाडजूड अंक, वर्षातून एकदाच निघतो, मग पुस्तकच झालं की हे, द्या दाखल नंबर आणि लावा कपाटात. आपल्या कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं, तरी हा घोळ अजून मिटलेला नाही. आणि ही नुसती कारकुनी बाब नाही हो, कारण एकदा पुस्तक म्हणून नोंद झाली की एकाच वार्षिकाचे अंक वेगवेगळ्या कपाटांत जातात, एक संपादकाच्या नावाखाली, एक विषयाखाली, आणि अभ्यासाला आलेल्या मुलीला सांगतात, आमच्याकडे नाहीत.

ग्रंथालयशास्त्र पानं, बांधणी, किंमत काही बघत नाही. बघतं ते एवढंच, की सुरू करतानाच शेवट ठरला होता का? शेवट न ठरवता, एकाच नावाने, क्रमांक किंवा तारीख घालून एकामागून एक भाग काढत राहायचा बेत असेल तर ते नियतकालिक. शेवट ठरलेला असेल तर पुस्तक, मग खंड एक असो नाहीतर वीस. म्हणून १९०९ चा मनोरंजनचा दिवाळी अंक हा मनोरंजन मासिकाचाच एक अंक, आणि जे फक्त दिवाळीलाच, दरवर्षी त्याच नावाने निघतं ते वार्षिक नियतकालिक. आपल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, त्यांचं दर्पण ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालं आणि १८४० मध्ये बंद पडलं, जेमतेम आठ वर्षं, तरी ते नियतकालिकच, कारण बंद पडणं वेगळं आणि पूर्ण होणं वेगळं. आधी पाक्षिक होतं, मग साप्ताहिक झालं, त्यानेही नोंद बदलत नाही. उलट मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा, एवढी वर्षं लागली तरी ते पुस्तकच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला रत्नागिरी आणि सावंतवाडीचा १८८० चा खंड, त्यावर 'दहावा' छापलंय म्हणून त्याचंही नियतकालिक होत नाही.

आता कोणी म्हणेल, डोकं कशाला चालवायचं, आयएसबीएन (पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तर पुस्तक आणि आयएसएसएन (नियतकालिकाला मिळणारा तसाच क्रमांक) असेल तर मासिक. पण दर्पणला कुठला नंबर, आयएसएसएनचं मानकच १९७५ चं. शिवाय दरवर्षी निघणाऱ्या ग्रंथमालेच्या खंडावर दोन्ही असू शकतात, मालेचा आयएसएसएन आणि त्या खंडाचा आयएसबीएन. म्हणजे नंबर मदत करतो, निकाल देत नाही.

तरी तो नंबर कसा बनवलाय ते बघाच, फार सुंदर आहे. बंगळुरूच्या करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकाचा आयएसएसएन ००११-३८९१. पहिल्या सात आकड्यांना ओळीने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची, ६ अधिक ५ अधिक १२ अधिक २४ अधिक १८, झाले ६५. शेवटचा आकडा असा ठेवायचा की बेरजेला ११ ने पूर्ण भाग जाईल, म्हणून १, एकूण ६६. दहा लागले तर रोमन एक्स लिहितात. समजा टाइप करताना ३८ चं ८३ झालं, तर बेरीज ७१ होते, बाकी ५ उरते, चूक पकडली. हा योगायोग नाही. शेजारच्या आकड्यांचे गुणक एकाने वेगळे, म्हणून अदलाबदल झाली की बेरीज बरोबर त्या दोन आकड्यांच्या फरकाने सरकते, आणि तो फरक दहाच्या वर जाऊच शकत नाही, मग ११ ने भाग जाणार कसा? एकच आकडा चुकला तर बेरीज गुणक गुणिले फरक एवढी सरकते, पण ११ मूळ संख्या असल्यामुळे दोन लहान संख्यांच्या गुणाकारात ती येतच नाही. २००७ पासूनच्या तेरा आकडी आयएसबीएनमध्ये गुणक १ आणि ३ आलटून पालटून आणि भाग १० ने, तिथे अदलाबदलीत बेरीज फरकाच्या दुप्पट सरकते, म्हणून १६ चं ६१ झालं तर दहाचा फरक पडतो आणि चूक निसटते. आठ आकडी नंबर तेरा आकडीपेक्षा कडक निघाला!

पण 'आयएसएसएन मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय जर्नल, पैसे भरा, पेपर छापा' असले मेसेज फिरतात त्यांना भुलू नका. हा ओळखीचा नंबर आहे, आतल्या मजकुराचा दर्जा त्यात कोणी तपासत नाही.

पंचांगही नियतकालिकच, दरवर्षी त्याच नावाने येतं. आपले दर्यावर्दी तिथी बघून उधाणाचा अंदाज बांधतात ते बरोबरच आहे, अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते म्हणून भरती मोठी. राशिभविष्याला असा कुठलाच आधार नाही. सगळ्या वर्षांची पंचांगं एका फळीवर ओळीने असतील तर जुनं भविष्य आणि झालेलं वर्ष कोणालाही ताडून बघता येतं, आणि बघावंच.

छोट्या वाचनालयाला यासाठी सॉफ्टवेअरच हवं असंही नाही. प्रत्येक नियतकालिकाला एकच कार्ड, वर नाव आणि सुरुवातीचं साल, पुढे रेघ मारून शेवटचं साल कोरं, खाली आलेल्या अंकांच्या तारखा, न आलेल्या अंकाची जागा मोकळी. नाव खरोखरच बदललं तर नवं कार्ड करायचं आणि दोन्हींवर एकमेकांचा उल्लेख ठेवायचा.